दिवा लागतो, पण इंजिन हलत नाही: मोटर बदलण्याआधी काय पाहावे

आपण दिलेला तपशील असा आहे. मॉडेल रेल्वेचे, एचओ (१:८७) प्रमाणातले, दोन बोगींचे (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा), साध्या डीसी पद्धतीवर चालणारे डिझेल इंजिन आपल्याला दुसऱ्याकडून मिळाले आणि त्याआधी ते आठेक वर्षे खोक्यात पडून होते. रुळावर ठेवून कंट्रोलर फिरवला की पुढचा दिवा लागतो, आतून बारीक गुणगुण ऐकू येते, पण चाके फिरत नाहीत. हलकेच ढकलून सोडले तर ते स्वतःहून अर्धा इंच जाते आणि थांबते. असेच मिनिटभर ठेवले की कंट्रोलरवरचा लाल दिवा लागतो आणि पुरवठा तुटतो. मोटर जळाली असे धरून नवी मागवावी का, असे आपण विचारले आहे.

अजून मागवू नका. आपण लिहिलेल्या चारही लक्षणांचा रोख मोटरपेक्षा मोटरच्या पुढच्या भागाकडे, म्हणजे बोगीतल्या गिअरकडे आहे, आणि हे इंजिन न उघडताच बऱ्याच खात्रीने सांगता येते. ते कसे, हे जरा विस्ताराने लिहितो, कारण हीच रीत पुढच्या प्रत्येक बंद इंजिनाला लागू पडेल.

बंद इंजिन हातात आले की मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: त्यातून प्रवाह किती जातो. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून, तार मोठ्या प्रवाहाच्या भोकात लावून, कंट्रोलरपासून रुळाकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एका तारेच्या मध्ये तो जोडावा. (याच अवस्थेत मीटरच्या दोन्ही काड्या दोन रुळांवर टेकवल्या तर थेट शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज जातो, ही चूक मी एकदा नव्हे, तीनदा केली आहे.) अलीकडच्या, बंद डबीच्या मोटरचे निरोगी एचओ इंजिन एकटे चालताना साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेते आणि जुन्या, उघड्या सांगाड्याच्या मोटरचे अर्ध्या अँपिअरच्या आसपास जाते. इंजिन हलत नाही आणि आकडाही शून्य असेल, तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. हलत नाही आणि आकडा अर्ध्यापासून एक अँपिअरपर्यंत चढला असेल, तर मोटरला वीज मिळते आहे, पण तिला फिरू दिले जात नाही. कंट्रोलर फिरवताच क्षणात पुरवठा तुटत असेल, तर तो शॉर्ट आहे. या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि कोणती धरायची हे कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये, कारण चांगली इंजिने बिघडतात ती बहुधा त्यानंतरच.

आपल्याकडे मीटर नसला तरी लाल दिव्याने तेच काम केले आहे. तो क्षणात न लागता मिनिटभराने लागतो. शॉर्टमध्ये इतका वेळ मिळत नाही. अडकलेली मोटर भरपूर प्रवाह ओढत राहते आणि कंट्रोलरमधला उष्णतेवर चालणारा संरक्षक हळूहळू तापून तुटतो, तेव्हा असे होते. म्हणून आपला बिघाड दुसऱ्या प्रकारातला आहे असे मी मानतो. गुणगुणही त्याचीच साक्ष देते: साध्या कंट्रोलरमधून येणारी वीज सपाट नसते, ती ठोक्याठोक्यांनी येते, आणि फिरू न शकणारे आर्मेचर (मोटरचा फिरणारा, गुंडाळ्यांचा भाग) त्या ठोक्यांवर जागच्या जागी थरथरते. ज्या मोटरची वाट तुटली आहे ती गुणगुणत नाही. पुढचा दिवाही असाच उपयोगी पडतो. डीकोडर (डिजिटल पद्धतीत रुळावरून आलेले आदेश वाचून मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) नसलेल्या इंजिनात तो मोटरला समांतर जोडलेला असतो, म्हणून कंट्रोलर वाढवूनही तो मंद राहत असेल तर मोटर बराच प्रवाह खाते आहे, आणि झगझगीत लागत असेल तर मोटरकडे बहुधा काहीच जात नाही. आज रात्री अंधारात एकदा एवढेच पाहून ठेवा.

आता तो अर्धा इंच. या वर्गातल्या इंजिनाचे चाक साधारण १२ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्याचा परीघ सुमारे ३८ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे चाकाचा एक तृतीयांश फेरा. मोटर आणि चाक यांतले प्रमाण चौदा-पंधरास एक धरले, तर तेवढ्या अंतरात मोटर चार-पाच वेळा पूर्ण फिरली. म्हणजे कॉम्युटेटरचे (आर्मेचरवरच्या तांब्याच्या कड्याचे) सगळे भाग ब्रशखालून, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांखालून, अनेकदा गेले आणि मोटर तरीही फिरली. एखादी गुंडाळी जळालेली असण्याची शक्यता यामुळे मावळत नाही, पण बरीच कमी होते. चार-पाच फेऱ्यांनंतर काहीतरी तिला धरते, आणि आठ वर्षे पडून असलेल्या इंजिनात ते काहीतरी बहुतेक वेळा वाळलेले वंगण असते. तसे नसेल तर तडकलेले गिअर.

पण उघडण्यापूर्वी रुळांना निर्दोष ठरवणे आवश्यक आहे. रुळांच्या पूर्ण मांडणीवर तपासू नका. रुळाचा एकच सरळ तुकडा घ्या, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा, कंट्रोलरच्या तारा त्यालाच जोडा आणि इंजिन त्यावर ठेवा. एकदा मी एका इंजिनाची मोटर काढून, साफ करून परत बसवली आणि तरीही ते हलेना, तेव्हा लक्षात आले की ज्या बाजूच्या रुळावर ते उभे होते त्या रुळाचा सांधा (गाडीचा मार्ग बदलण्याची जागा) दुसऱ्या दिशेला लावलेला होता, आणि त्या जातीचा सांधा न निवडलेल्या मार्गाची वीज तोडतो. एक संध्याकाळ गेली. रूळ मोजतानाही एक फसगत होते. रिकाम्या रुळावर मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण समाधानी होतो. पण सैल किंवा गंजलेल्या फिशप्लेटमधून (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीतून) मीटरपुरती वीज सहज जाते, मोटरपुरती जात नाही. इंजिन रुळावर ठेवून, कंट्रोलर फिरवून, मग मोजा. रुळावरचा आकडा पाचावर घसरला, पण कंट्रोलरच्या टोकांवर तो तसा घसरला नाही, तर दोष इंजिनाआधीच सापडला.

चाके पुसण्यासाठी अल्कोहोलने ओला केलेला कागदी रुमाल रुळावर आडवा टाका, एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरून वीज द्या, म्हणजे कागदावरची चाके जागेवर फिरून काळे पट्टे सोडतील. आपले इंजिन तूर्त फिरतच नाही, म्हणून आपण कापसाच्या काडीने एकेक चाक पुसावे. रबरी पट्टी चढवलेली चाके ओढ वाढवण्यासाठी असतात, त्यांतून वीज येत नाही. ती पट्टी कडक होऊन चिरली असेल तर बदला. सँडपेपर रुळालाही नको आणि चाकालाही नको, कारण त्याने पडलेल्या बारीक चरांत मळ अधिक लवकर बसतो.

आता आवरण काढावे. ते बहुधा दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर असते, कधी कपलिंगजवळच्या दोन स्क्रूंवर. जोर लागतो आहे असे वाटले की थांबा आणि स्क्रू राहिला आहे का ते पाहा. मध्ये मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील (जड चकती), तिथून प्रत्येक बोगीवरच्या वर्मपर्यंत (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरपर्यंत) गेलेले लहान दांडे, असे दिसेल. वीज पूर्ण बंद करून फ्लायव्हील नखाने फिरवा. ते हलक्या, सारख्या अडथळ्याने फिरले पाहिजे आणि त्याबरोबर चाके सावकाश फिरली पाहिजेत. येथे नवखी मंडळी हमखास एक चूक करतात. ती चाके हाताने फिरवून पाहतात, ती फिरत नाहीत, आणि बोगी जाम झाली असे ठरवतात. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला सहसा फिरवू शकत नाही. हा त्या रचनेचा गुण आहे. चाकांवर जोर दिलात तर चांगल्या गिअरचा दात तुटेल. नेहमी फ्लायव्हीलकडूनच फिरवावे.

आपल्या इंजिनात फ्लायव्हील जड जाईल किंवा ठरावीक ठिकाणी अडेल असा माझा अंदाज आहे. मग दोन्ही दांडे सोडवा आणि मोटर एकटी करा. पुढे जाण्याआधी आत डीकोडर आहे का ते नीट पाहा. इंजिन दुसऱ्याकडून आलेले आहे, त्यामुळे साध्या जोडपट्टीच्या जागी लाल, काळ्या, नारिंगी, करड्या तारांची छोटी पट्टी बसवलेली असणे अशक्य नाही. ती असेल तर मोटरला बाहेरून वीज देण्यापूर्वी नारिंगी आणि करडी तार सोडवलीच पाहिजे, नाहीतर डीकोडर कायमचा जातो. नसेल तर ९ व्होल्टची साधी बॅटरी मोटरच्या दोन टोकांना टेकवा. एकटी मोटर झर्रकन फिरली, तर नव्या मोटरचा विषय संपला.

राहिल्या बोगी. वर्मवरचे झाकण काढा आणि वर्म उचलून घ्या. आता मात्र चाके बोटाने फिरली पाहिजेत, आणि कोणती बोगी दोषी आहे हे इथेच कळते. जुने वंगण मी अनेक रूपांत पाहिले आहे: वाळलेल्या डिंकासारखे पिवळे, मेणासारखे पांढरे, आणि एकदा तर इतके कडक की गिअरच्या दातांमधून ते सुईने खवले खवले करून काढावे लागले. त्यात गालिच्याचा धागा किंवा केस गुंतलेला असेल तर तो आसाभोवती तारेसारखा आवळलेला असतो आणि नुसत्या डोळ्यांना आसाचाच भाग वाटतो. भिंग घेऊन पाहा. बोगी पूर्ण सुटी करण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो काढा, कारण मधल्या गिअरची वरची आणि खालची बाजू वेगळी असू शकते, आणि विजेच्या पट्ट्या चाकांच्या कोणत्या बाजूला टेकत होत्या हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

प्लास्टिकचे गिअर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, मऊ दातब्रशने धुवावेत. राहिलेला चिकटा अल्कोहोलने निघतो. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, त्याने काही प्लास्टिक फुगते आणि रंग तर हमखास जातो. कुलूप-बिजागरीवर मारायचा फवाराही नको: तो पहिल्या दिवशी चमत्कार करतो आणि काही महिन्यांनी स्वतःच चिकट थर होऊन बसतो. प्लास्टिकला चालणारे असे स्पष्ट लिहिलेले हलके तेल आसांच्या टोकांना सुईच्या अणीवर मावेल एवढेच द्यावे आणि वर्मवर तशाच प्रतीचे ग्रीस ज्वारीच्या दाण्याहून कमी. एवढ्याने काय होणार असे वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांत तेल कमी पडल्यामुळे बंद झालेली थोडी आणि तेलात बुडवल्यामुळे बंद झालेली जास्त असतात.

धुतलेले गिअर वाळल्यावर आसावरच्या गिअरकडे खास लक्ष द्या. हे गिअर धातूच्या आसावर दाबून बसवलेले असते; वर्षानुवर्षे ताणाखाली राहून प्लास्टिक दोन दातांच्या मधल्या खाचेत उभे तडकते. तडा केसाएवढा असतो, पण त्यामुळे त्या दोन दातांमधले अंतर वाढते आणि समोरच्या गिअरचा दात तिथे बसत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा कट् असा आवाज येतो किंवा तिथेच सगळे अडते. आपले इंजिन एक तृतीयांश फेऱ्यानंतर थांबते, म्हणून ही शंका मी वंगणाइतकीच गंभीर धरतो. परीक्षा सोपी आहे, पण ती इंजिन उघडण्याआधीच करून ठेवा: इंजिन दोन-तीनदा ढकलून चालू करा आणि थांबताना चाकावरची खडूची खूण दर वेळी एकाच जागी येते का ते पाहा. एकाच जागी आली तर गिअर. कुठेही आली तर वंगण. तडकलेले गिअर चिकटवण्याच्या फंदात पडू नये. या जातीच्या प्लास्टिकला गोंद धरत नाही, आणि धरला तरी आस परत घालताच तडा उघडतो. दातांची संख्या, बाहेरचा व्यास आणि आसाची जाडी मोजून नवे गिअर मागवावे. ते बसवताना दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर जपा, १६.५ मिलिमीटरच्या रुळासाठी ते सुमारे १४.४ मिलिमीटर असावे लागते, नाहीतर इंजिन धावेल पण सांध्यावर रुळावरून उतरेल.

बॅटरी लावूनही मोटर फिरली नाही, असे झाले तर मग मोटर उघडावी लागेल. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ब्रशमागची स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि सुटली की खोलीत कुठे जाते ते मी आजवर सांगू शकलेलो नाही. कॉम्युटेटर तांब्याच्या रंगाचा असावा. तो काळा असेल तर अल्कोहोलच्या काडीने पुसा, आणि तीन किंवा पाच भागांच्या मधल्या फटी टोकदार लाकडी काडीने कोरा. सुई किंवा ब्लेड नको, तांब्याला ओरखडा पडतो. त्या फटींत तेल आणि कार्बन यांचा लगदा साचला की दोन भाग आपसात जोडले जातात आणि मोटर प्रवाह खाऊन जागेवर गरम होते. म्हणजे आपल्यासारखीच लक्षणे तिथूनही येऊ शकतात, हे मी प्रांजळपणे नोंदवतो.

गुंडाळी तपासायला तीन भागांच्या कॉम्युटेटरवर ब्रश दूर करून दोन-दोन भागांमध्ये ओहम मोजा. तिन्ही मापे सारखी आली पाहिजेत. समजा दहा, दहा, दहा. एक गुंडाळी तुटली असेल तर आकडे तीस, पंधरा, पंधरा असे येतात: तुटलेल्या जोडीत सर्वांत जास्त आणि उरलेल्या दोन्हींत त्याच्या निम्मे. हे प्रमाण दिसले तर तुटका टोकाचा धागा कॉम्युटेटरच्या कानाशी सुटला आहे का ते भिंगाने पाहा. तिथे डाग देता येतो. आत तुटली असेल तर मात्र नवी मोटर, आणि तेव्हा तो खर्च योग्यच आहे. उघड्या सांगाड्याच्या फार जुन्या मोटरमधून आर्मेचर ओढून काढण्याआधी चुंबकाला लोखंडी पट्टी आडवी लावा. अल्निको जातीचे जुने चुंबक मधला लोखंडी मार्ग तुटला की आपले बळ गमावतात. मग मोटर फिरते, गरम होते आणि डबे ओढत नाही.

मोटर ठीक, गिअर ठीक आणि तरीही प्रवाह चढतो, असे दिसले तर मोटरच्या टोकांवर रेडिओतला खरखराट दाबण्यासाठी लावलेला छोटा चपटा कपॅसिटर एका बाजूने सोडवून पाहा. तो आतून शॉर्ट झालेला मी पाहिला आहे, आणि तो काढल्याने इंजिनाच्या चालण्यात फरक पडत नाही.

आत डीकोडर निघाला तर दिव्यावरून काढलेले वरचे अनुमान विसरा, कारण मग दिवा आणि मोटर यांचा थेट संबंध उरत नाही. साध्या डीसीवर डीकोडर पाच-सहा व्होल्टपर्यंत जागाच होत नाही, आणि सीव्ही २९ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमध्ये साठवलेली, क्रमांकाने ओळखली जाणारी सेटिंग) साध्या विजेवर चालण्याची मुभा बंद केलेली असेल तर तो कधीच मोटर फिरवणार नाही. डिजिटल रुळावर पत्ता (इंजिनाचा ओळख-क्रमांक) बरोबर असून इंजिन ऐकत नसेल तर सीव्ही १९ वाचा. आधीच्या मालकाने ते दुसऱ्या इंजिनासोबत जोडीने चालवले असेल आणि तिथे शून्याऐवजी जोडीचा क्रमांक राहिला असेल, तर दिवे स्वतःच्या पत्त्यावर लागूनही मोटर गप्प राहते.

सांगाड्याकडेही एक नजर टाका. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असली की काही दशकांनी तो ओतीव भाग फुगतो, त्यावर भेगांची जाळी उठते आणि मोटर व दांडे त्यात आवळले जातात. तसे दिसले तर कोणतीही साफसफाई उपयोगाची नाही. मोटर आणि बोगी वाचवून सांगाडा बदलावा लागतो.

जोडणी करताना घाई करू नका. आधी एक बोगी जोडून फ्लायव्हील फिरवा, मग दुसरी. आवरण न चढवता रुळाच्या तुकड्यावर ठेवा आणि मीटर पुन्हा मध्ये घाला. सुरुवातीला आकडा ०.३ च्या वर असला तरी चिंता नको. गोल रुळावर मध्यम वेगाने अर्धा तास एका दिशेला, मग इंजिन उलटे फिरवून अर्धा तास दुसऱ्या दिशेला चालवले की वंगण पसरते आणि आकडा उतरतो. अर्ध्या तासाने मोटरला बोट लावा: कोमट असेल तर आवरण चढवा, बोट ठेववत नसेल तर थांबवा आणि जी बोगी नंतर जोडली होती ती सोडवून पुन्हा मोजा.